बाणावरचा ‘लागतो’

१

मानवतच्या मोंढ्यामागे बन्सीधर शेठचं धान्याचं गोदाम आहे. गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास त्या गोदामाच्या दोन नंबरच्या खोलीत तिथली देखरेख करणारे अण्णाराव मरून पडलेले सापडले. तुरीच्या पोत्यांच्या दोन थप्प्यांमधल्या बोळात ते कुशीवर पडले होते. नाकातोंडावर ओला पंचा घट्ट बांधलेला होता आणि कानावर पेन्सिल जशीच्या तशी होती. समोरच्या भिंतीवर, चार हातांवर, वायूचा मीटर होता.

खोलीत किडीसाठी गोळ्या घातलेल्या होत्या. त्या गोळ्यांचा वायू किड्याला सोडत नाही, तसा माणसालाही सोडत नाही. एरवी सगळी काळजी संगणक घ्यायचा. तो आधी मोठा पंखा लावून वायू बाहेर काढायचा, मग मीटर शून्यावर आला की नाही ते बघायचा आणि त्यानंतरच दाराचं कुलूप सोडायचा. पण बुधवारी विजेच्या झटक्याने संगणक जळाला. गुरुवारी तेच काम पहिल्यांदा माणसांच्या हातांनी व्हायचं होतं. पंखा मात्र लागलाच नव्हता, आणि दार उघडं होतं.

शनिवारी सकाळी अण्णारावांची मुलगी वैजयंती हेमाबाईंच्या घरी आली. हेमाबाईंनी छत्तीस वर्षं गावात भूगोल शिकवला. वर्गात कुणाची वस्तू हरवली की त्यांनी कधी कुणाच्या दप्तराला हात लावला नाही. पोरांना नुसते प्रश्न विचारायच्या. वस्तू आपोआप सापडायची. निवृत्तीनंतरही त्यांच्या ओट्यावर रोज पाचसात मुलं बसलेलीच असत.

वैजयंती पुण्याला एका कंपनीत सॉफ्टवेअरचे आराखडे काढायची. गोदामातला प्रोग्रॅमही तिनेच वडिलांच्या शब्दाखातर लिहून दिला होता. तिने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर पसरला. एका ओळीत तीन चौकटी होत्या: डावीकडे ‘दार’, मध्ये ‘मीटर’, उजवीकडे ‘पंखा’. दारापासून मीटरकडे एक बाण, मीटरपासून पंख्याकडे दुसरा. दोन्ही बाणांवर एकच शब्द होता, ‘लागतो’.

“दाराला मीटर लागतो, मीटरला पंखा लागतो,” तिने वाचून दाखवलं. “हा माझ्या प्रोग्रॅमचाच आराखडा आहे, प्रोग्रॅम दिला तेव्हाच पाठवलेला. आधी शब्द इंग्रजीत होता. आमच्या अप्पांना कळावं म्हणून मी मराठीत लिहिला. शेठजींनी प्रत काढून गोदामात लावली. मी फोनवर अप्पांकडून म्हणवूनही घेतलं, बाई. दार, मीटर लागतो, पंखा लागतो. एक शब्द चुकला नाही.”

अण्णाराव शिस्तीचे, कागद बिनचूक. मग चुकलं कोण? पंख्याचं जनरेटर अवधूतच्या हातात होतं. गुरुवारच्या तीनच दिवस आधी दोघांचं भांडण झालं होतं. वैजयंतीने अवधूतच्या नावाने तक्रार लिहून ठेवली होती. सोमवारी ती सही करणार होती, आणि सही झाली की त्याला उचलायचं असं पोलीस चौकीच्या जमादारांनी ठरवलं होतं.

“तो तुमचा विद्यार्थी आहे,” ती म्हणाली. “तुमच्यासमोर खोटं बोलणार नाही. एकदा विचारा त्याला, माझ्या बापाला का मारलंस म्हणून.”

हेमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. अवधूत आणि वैजयंती एकाच वर्गातले. मागच्या-पुढच्या बाकांवरचे. त्यांनी चष्मा घातला आणि कागद घडी करून पदराखाली घेतला.

२

अवधूत घराच्या मागच्या बाजूला एका उलट्या बादलीवर बसला होता. बाईंना पाहून उठला, पण नमस्काराचे हात वर यायला वेळ लागला. दोन दिवसांत शेजाऱ्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. त्याची आई बायनाबाई दारातूनच म्हणाली, बाई, याला शाळेत मारलं असतं तुमी तर आज ही येळ आली नसती. हेमाबाई तिला म्हणाल्या, मारून कुणी सुधारतो का गं, आणि अवधूतजवळ पायरीवर बसल्या.

भांडण कशाचं, हे त्यांनी आधी विचारलं. अवधूतने लपवलं नाही. दुपारी जनरेटरच्या शेडमध्ये त्याचा डोळा लागला होता. अण्णारावांनी हमालांच्या देखत त्याला उठवलं. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, बोलणंही तसंच. झोपलेल्या उतारूचा स्टॉप कधीच येत नसतो, म्हणाले. सगळे हसले. अवधूतला ते लागलं आणि तोही उलट बोलला. पण संध्याकाळी अण्णारावांनी स्वतः चहा सांगितला, तेव्हा ते मिटलं होतं.

“आणि गुरुवारी?”

अवधूतने खाली मान घातली. दाराशी एक घंटी आहे, तिची तार मागच्या शेडमध्ये येते. घंटी वाजली की पंखा लावायचा, असं ठरलं होतं. साडेआठपासून तो जनरेटरपाशी उभा होता. एकदाही डोळा लागू दिला नाही. घंटी काही वाजली नाही. शेवटी राहवलं नाही म्हणून पुढे गेला, तर दार उघडं.

“विचारायचं तरी, अवधूत. पंखा लावू का म्हणून.”

“इचारलं ना बाई. सकाळी आल्या आल्या इचारलं.” त्याचा आवाज फाटला. “ते म्हणले, गप उभा ऱ्हा. पंखा शेवटचा टप्पा हाय. डबल बेल दिल्याबिगर गाडी हलवायची न्हाई.”

“असंच म्हणाले? शेवटचा टप्पा?”

“असंच. मी जमादारसाहेबालाबी तेच सांगितलं. ते हसायलते. म्हणले, मेलेला माणूस साक्षीला येत न्हाई म्हणून त्याच्या तोंडी घालायलास का?”

हेमाबाईंनी पदराखालचा कागद चाचपला. पंखा शेवटी हे वैजयंतीच्या सांगण्याच्या अगदी उलट होतं. अण्णारावांनी खरोखर तसं म्हटलं असेल, तर एवढा शिस्तीचा माणूस जाणूनबुजून विषात शिरला, असा त्याचा अर्थ होत होता. आणि म्हटलं नसेल, तर हेमाबाईंनी स्वतः शिकवलेलं हे पोर त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलत होतं.

३

गोदामात बन्सीधर शेठने खुर्ची पुसून दिली आणि न विचारता चहा मागवला. हेमाबाईंनी चहा घेतला नाही. दोन नंबरच्या खोलीतला वायू आता काढून टाकला होता. हेमाबाई दारातून आत बघत उभ्या राहिल्या.

मीटर आत भिंतीवर आहे. मग आत न जाता माणूस तो बघणार कसा, असं त्यांनी विचारलं. शेठ बोलता बोलता अडखळला. गोळ्या घालणाऱ्या सारंगने शेजारून सांगून टाकलं की दाराच्या डाव्या अंगाला भिंतीत काच बसवलेली आहे, मीटर त्यातून दिसतो. फक्त आता दिसत नाही. काचेच्या मागे पोत्यांची थप्पी छतापर्यंत गेली होती.

“आवक लय झाली होती, बाई,” शेठ कपाळ पुसत म्हणाला. “आठ दिवसांचा सवाल होता. मी म्हणलं, कंप्यूटर बघतोच की मीटर, काचेचं काय काम? आता रात्रंदिवस तेच डोक्यात फिरायलंय. तुमी जमादारांना सांगणार का?”

“तुम्हीच सांगा,” हेमाबाई म्हणाल्या. “मी सांगितलं तर चहाडी होईल. तुम्ही सांगितलं तर कबुली होईल.”

अण्णाराव आत का गेले ते कळलं. काचेतून मीटर दिसत नव्हता, म्हणून गेले. ओला पंचा बांधून गेले, म्हणजे वायूची भीतीही होती. निष्काळजी माणूस तोंडाला पंचा बांधत नाही. पण ज्याला एवढी भीती, तो पंखा लावण्याआधी दार का उघडेल? त्यांनी सारंगला विचारलं, तू काय सांगितलं होतंस? तो म्हणाला, मी एवढंच म्हणालो, पोरीने कागद दिलाय ना, त्याबरहुकूम करा.

कागद दाराशेजारी खिळ्याला लटकत होता. तोच आराखडा, त्याच तीन चौकटी. हेमाबाई जवळ गेल्या. ‘दार’ या चौकटीवर पेन्सिलीची एक बारीक खूण होती, बरोबरची. ‘मीटर’वर नव्हती. ‘पंखा’वरही नव्हती.

ही खूण जमादारांनीही पाहिली होती. त्यांचं म्हणणं, म्हाताऱ्याने नुसती सुरुवात केली आणि पुढच्या खुणा करायला विसरला. हेमाबाईंना ते पटेना. एसटीतला कंडक्टर प्रत्येक टप्प्याला वे-बिलावर, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, नोंद करतो, आणि गाडी तिथे पोचल्याशिवाय करत नाही. त्यांनी स्वतः कितीदा वालूरच्या गाडीत अण्णारावांना पेन्सिल कानावरून काढून खूण करताना पाहिलं होतं. पुढच्या गावाची खूण आधी करून ठेव, वेळ वाचेल, असं कुणी गमतीने म्हटलं तर ते म्हणत, गाव पळून जातंय का?

म्हणजे अण्णाराव काही विसरले नव्हते. त्यांच्या हिशेबी ते पहिल्या टप्प्यावरून दुसऱ्याकडे निघाले होते.

मग अवधूत खरं बोलत होता. आणि कागद बिनचूक होता. दोन्ही खरं कसं असेल, हे हेमाबाईंना उमगेना. घरी येईपर्यंत त्यांनी वाटेत भेटलेल्या कुणालाही ओळख दिली नाही.

४

रविवारी सकाळी त्या अण्णारावांच्या बायकोला, गंगम्माला, भेटायला गेल्या. गंगम्मा भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर विभूतीचे पट्टे होते आणि गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. रडून झालं होतं. येणाऱ्या बायकांना ती स्वतःच पाणी विचारत होती. वैजयंती आतल्या खोलीत होती.

हेमाबाईंनी मृत्यूचं काही विचारलं नाही. कागद घरी आल्यावर अण्णाराव काय म्हणाले, एवढंच विचारलं. गंगम्माच्या चेहऱ्यावर क्षणभर ऊन पडल्यासारखं झालं.

लय खूश होते, ती सांगू लागली. लेकीने कागद काढला, आपल्या मराठीत काढला, म्हणून चार माणसांना दाखवला. संध्याकाळी जेवायला बसले की पाठ म्हणायचे. लेकरू शाळेचा धडा म्हणतं तसं.

“कसं म्हणायचे, गंगम्मा? आठवतं का?”

“न आठवायला काय झालं? दार, म्होरं मीटर लागतो, त्याच्या म्होरं पंखा लागतो. मी म्हणायची, अवो तुमी गोदामात हायसा का सेलूच्या गाडीत?”

हेमाबाई उठल्या. गंगम्माचा हात धरून त्या एवढंच म्हणाल्या, की मी पुन्हा येते.

घरी ओट्यावर मुलं जमली होती. हेमाबाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर दोन चौकटी काढल्या. एकीत ‘चहा’, दुसरीत ‘गूळ’. मध्ये बाण आणि बाणावर ‘लागतो’. वाचा, म्हणाल्या. चहाला गूळ लागतो, मुलं एका सुरात म्हणाली. ईश्वरी म्हणाली, आमच्या घरी साखर लागते. मग या दोनातलं आधी हाताशी काय पाहिजे, हेमाबाईंनी विचारलं. गूळ, मुलं म्हणाली. गूळ नसला तर चहा कसा होईल?

हेमाबाईंनी ‘चहा’ पुसून ‘शाळा’ लिहिलं, ‘गूळ’ पुसून ‘ओढा’ लिहिलं. बाण तोच ठेवला. बाणावरचा शब्दही तोच.

“शाळेच्या पुढं ओढा लागतो,” ईश्वरीने वाचलं.

“इथे आधी काय येतं?”

“शाळा. ओढा मागून येतो, बाई.”

हेमाबाईंनी खडू खाली ठेवला. बाणाचं तोंड फिरलं नव्हतं, एक अक्षर बदललं नव्हतं, आणि आधीचं नंतर झालं होतं. कागदावर फक्त ‘दार’ आणि ‘मीटर’ होतं. ‘दाराला’ मधला ‘ला’ कागदावर कुठेच नव्हता. तो वैजयंतीच्या मनात होता. अण्णारावांच्या मनात ‘पुढं’ होतं. दोघांनी फोनवर एकच ओळ म्हटली, आणि दोघांनाही वाटलं की समोरच्याला कळलं.

छत्तीस वर्षं त्यांनी मुलांना सांगितलं होतं, की नकाशा बघण्याआधी कोपऱ्यातली सूची वाचा. तुटक रेघ म्हणजे काय, ठिपका म्हणजे काय, हे काढणाऱ्याने सांगितल्याशिवाय बघणाऱ्याला कळत नसतं. वैजयंती त्या तासाला पहिल्या बाकावर बसायची.

त्यांनी मुलांना लवकर सोडलं. उत्तर सापडलं होतं. आता ते वैजयंतीलाच सांगायचं होतं, आणि त्याला पर्याय नव्हता. उद्या तिची सही झाली, की अवधूत आत जाणार होता.

५

सोमवारी सकाळी वैजयंती तक्रारीचा कागद घेऊनच आली. अवधूतने कबूल केलं का, तिने विचारलं.

हेमाबाईंनी तिला फळ्यासमोर बसवलं. कालच्यासारख्याच चौकटी काढल्या, ‘शाळा’ आणि ‘ओढा’, आणि वाचायला सांगितलं. तिने वाचलं. मग हेमाबाईंनी न बोलता खाली तिच्या स्वतःच्या चौकटी काढल्या, आणि म्हणाल्या, आता हे तसंच वाच. पुण्याची होऊन नको वाचूस. वालूरच्या गाडीत दारापाशी उभी राहून वाच.

वैजयंतीने तोंड उघडलं. “दार...” ती म्हणाली, आणि थांबली. तिने बोटाने हवेत बाण गिरवला, मग पुन्हा गिरवला. हेमाबाईंनी घाई केली नाही. वर्गातही त्या कधी उत्तर मुलांच्या तोंडातून ओढत नसत.

“आमच्या कामात बाण म्हणजे वाट नसते, बाई,” ती शेवटी हळू म्हणाली. “ज्याच्यावाचून अडतं, त्याच्याकडे बाण जातो. पहिल्याच आठवड्यात शिकवतात. इतकं अंगवळणी पडलंय, की दुसरं काही असू शकतं हेच...” तिने डोळे मिटले. “त्यांनी बरोबर वाचलं ना?”

“मराठी म्हणून बरोबर वाचलं,” हेमाबाई म्हणाल्या. “तूही मराठी म्हणून बरोबर लिहिलंस.”

“इंग्रजी शब्द ठेवला असता, तर त्यांना कळलं नसतं. कळलं नसतं, म्हणून त्यांनी विचारलं असतं.”

हेमाबाई तिच्याजवळ सरकल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. वैजयंतीने तक्रारीचा कागद मध्ये फाडला, तुकडे मुठीत धरले आणि म्हणाली, आईला मीच सांगते. तुम्ही फक्त बरोबर चला.

गंगम्माच्या घरी हेमाबाई बाहेर बाजेवर बसल्या.  एकदा वैजयंतीचा आवाज चढला आणि मध्येच तुटला. पुष्कळ वेळाने गंगम्मा डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आली आणि चप्पल शोधू लागली. शेजारीण म्हणाली, अगं पाचवाच दिवस, लगेच उंबऱ्याच्या बाहेर कुठं निघालीस? गंगम्मा म्हणाली, “आमच्यात सुतक न्हाई पाळत. लेकीला एकटीला धाडू का चौकीवर?”

चौकीत जमादारांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. हेमाबाईंनी त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर शाळा आणि ओढा काढून दाखवला. काचेपुढच्या थप्पीचं बन्सीधर शेठ आदल्या दिवशीच येऊन सांगून गेला होता. जमादारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी अवधूतचं नाव असलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली, रेघेखाली सही केली आणि नवं पान उलटलं.

“मग चूक कोणाची लिहू?” त्यांनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज खाली आला होता.

“माझी,” वैजयंती म्हणाली. “शब्द माझा होता.”

“तिची एकटीची नगा लिवू,” गंगम्मा म्हणाली. “दोघांची लिवा. लिव्हणारीची अन् वाचणाऱ्याची. ते असते तर त्यांनीच अर्धी मागून घेतली असती.”

जमादारांनी पेन टेकवून लिहायला घेतलं. गंगम्माने मुलीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत सोडला नाही.